सात रेघांचं पिस्तूल

इस्माईल हवालदारांना कुठलीही वस्तू हलवायची झाली, की तिच्या मूळ जागेवर खूण मारल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नसे. अल ऐनमधल्या ज्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासायचं काम करायचे, तिथे ते आले की काउंटरपुढचं स्टूल एसीच्या झोताखाली ओढून घेत. पण त्याआधी खिशातली पेन्सिल काढून स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर अर्धगोल काढत, आणि जाताना स्टूल त्या अर्धगोलांत बरोबर परत ठेवत. पहिल्यांदा मला वाटलं, गृहस्थ जरा सटकलेले दिसतात. मग एकदा न राहवून विचारलंच.

"फौजेतली खोड आहे, बाय," ते म्हणाले. "खूण मारल्याशिवाय काही हलवायचं नाही. आपल्या मागून येणाऱ्याला कळायला पाहिजे, काय कुठून कुठं सरकलं ते."

हवालदार मूळचे दापोलीकडचे. भारतीय फौजेत पंधरा वर्षं आर्मरर होते, म्हणजे बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करणारे. निवृत्त झाल्यावर दोन मुलींच्या लग्नाची तजवीज करायला म्हणून गल्फमध्ये आले आणि अल ऐनबाहेरच्या एका मोठ्या शेतमळ्यावर वॉचमन म्हणून लागले. उंच, वाळलेले, मिशी कातरलेली, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. सगळा बाजार त्यांना हवालदारच म्हणायचा. त्यांचे मालकही.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्यापुढे सुतळीचा एक तुकडा ठेवला होता. त्याच्या दोन्ही टोकांना गाठी होत्या. म्हणाले, "एवढ्या अंतरावरचं साफ दिसेल असा चष्मा पाहिजे. त्याच्या पुढचं पुसट झालं तरी हरकत नाही." मी विचारलं, डोळा कोणाचा? तर अरबाबचा, म्हणजे मालकाचा. मग अरबाबना घेऊन या, म्हटलं. त्यावर त्यांनी मान हलवली. अरबाब येणार नाहीत, डोळा कमी झालाय हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलेलं नाही. तुम्ही काळ्या गॉगलसारखा बनवा, मी ऊन लागतं म्हणून देईन.

ती सुतळी म्हणजे अरबाबच्या डोळ्यापासून पिस्तुलाच्या पुढच्या माशीपर्यंतचं, नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेपर्यंतचं, अंतर होतं.

हे पिस्तूल म्हणजे त्या मळ्यावरचं दैवत. अरबाब तरुणपणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली इथल्या फौजेत होते. इंग्रज गेले तेव्हा जुनी हत्यारं मोडीत निघाली, त्यातलं एक नाइन एमएमचं पिस्तूल अरबाबनी घेतलं. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, सरकारी बाणाची खूण, मुठीचं लाकूड घासून काळं पडलेलं. त्याचा परवाना फ्रेम करून मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर टांगलेला होता. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अरबाब मळ्यामागच्या वाळूच्या टेकाडासमोर उभे राहून पाच गोळ्या मारत. पाचच. पाचही कागदाला लागल्या की हात वर करत, आणि मगच घरात जेवण वाढलं जाई.

गोळ्याही त्याच काळातल्या, जुन्या फौजी मालाच्या. त्या झाडल्या की नळीत मीठ राहतं, हे मला हवालदारांकडून कळलं. नळी तशीच ठेवली तर दोन दिवसांत गंज धरते, म्हणून ती आधी उकळत्या पाण्याने धुवायची, मग पुसायची, मग तेल. त्यासाठी त्यांनी वेगळी किटली ठेवली होती आणि तिच्यात कोणी चहा केलेला त्यांना खपत नसे. मॅगझिनमध्येही गोळ्या भरून ठेवू देत नसत. म्हणत, "स्प्रिंगलापण सुट्टी लागते, बाय. सारखी दाबून ठेवली तर मरते." हे म्हणताना ते हसत. मी पण हसायचे. त्यांना स्वतःला सुट्टी मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं.

डोळा न बघता चष्मा द्यायचा नाही, हे मी पुण्यात कॉलेजात पहिल्या वर्षी शिकले होते. तरी मी दिला. मनातल्या मनात वयाचा हिशेब घालून एक नंबर ठरवला आणि गडद काचा बसवल्या. का दिला? खरं सांगायचं तर परमुलखात एक माणूस इतक्या आपलेपणाने "बाय" म्हणतो, त्याला नाही म्हणवलं नाही. आणि थोडी गंमतही वाटली. पुढच्या आठवड्यात हवालदार खजुराचा डबा घेऊन आले. पाचही लागल्या होत्या.

त्यांची अडचण मला हळूहळू उमगली. अरबाब वाईट माणूस नव्हते, हे हवालदार दर वेळी आधी सांगत आणि मग पुढचं बोलत. पगार वेळेवर, ईदला नवे कपडे, आजारी पडले तर स्वतः गाडीतून हॉस्पिटलात नेणार. फक्त पासपोर्ट तिजोरीत, पिस्तुलाच्या शेजारच्या कप्प्यात. सुट्टीचा विषय निघाला की अरबाब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "इन्शाल्ला, हवलदार. पण तू गेलास तर हिच्याकडे कोण बघेल?" पिस्तुलाला ते 'ती'च म्हणत, आणि दुसरा कोणी तिला हात लावलेला त्यांना चालत नसे. तुझ्या हातात ती तरुण होते, असं म्हणत.

ती तरुण होत होती याचं कारण त्यांनी मला एका दुपारी दुकान रिकामं असताना सांगितलं. चष्मा दिल्यावर काही महिन्यांनी अरबाबच्या गोळ्या पुन्हा एका बाजूला जायला लागल्या. हवालदारांनी नीट पाहिलं, तर नेम धरताना अरबाबची मान कलायची. उजव्या डोळ्याने धरायचा नेम ते नकळत डाव्याने धरत होते. त्यांना तसं सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून हवालदारांनी पितळी पंच आणि छोटी हातोडी घेऊन पिस्तुलाची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, केसभर सरकवली. गोळ्या परत कागदावर आल्या. त्यानंतर दर वर्षी साइट केसभर सरकत होती आणि कागदाचा खांबही एकेक पाऊल जवळ येत होता.

"अरबाब खूश," ते म्हणाले. "आणि जेवढे खूश, तेवढी माझी सुट्टी लांब. मीच माझ्या पायात बेडी ठोकतोय, बाय. दर वर्षी एक कडी."

मग एकदा साइट तशीच सोडून द्या, चुकू द्या की त्यांचा नेम, असं मी वैतागून म्हटलं. ते बराच वेळ काउंटरवरच्या फ्रेमा सरळ करत बसले. शेवटी म्हणाले की मुलं मोठी झालीत, कोणी आता अरबाबना विचारून काही करत नाही. आठवड्यातून एकदा त्या पाच गोळ्या लागतात, तेवढाच वेळ माणूस ताठ उभा असतो. तेवढं काढून घेणारा मी कोण?

त्या दुपारी माझं लक्ष त्यांच्या बेडीकडे लागलं आणि मी माझं काम विसरले. साठीचा माणूस उजवा डोळा वापरायचं सोडून देतो याचा अर्थ काय, हे डोळे तपासणारीला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचा मी कंटाळा केला. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

त्यांच्या थोरल्या मुलीचा निकाह फोनवर झाला. म्हणजे निकाह दापोलीला झाला आणि हवालदारांनी तो बाजारातल्या फोन बूथमध्ये उभं राहून ऐकला. त्यांच्या भावाने तिकडे रिसिव्हर काझींच्या जवळ धरला होता. मुलीने "कबूल" म्हणायच्या आधीच यांचं कार्ड संपलं. धावत जाऊन दुसरं कार्ड आणेपर्यंत तिकडे खजूर वाटून झाले होते. हे सगळं त्यांनी मला अगदी सपाट आवाजात सांगितलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि गेले. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्यावर उगाचच चिडले.

धाकटीच्या निकाहाला मात्र ते जाणार होते. बकरी ईदनंतर तीन आठवड्यांनी तारीख धरली होती. अरबाबनी स्वतः "जा" म्हटलं होतं, नुसतं इन्शाल्ला नव्हे. हवालदारांनी मुलीसाठी सोनेरी काठाचा दुपट्टा घेतला, तो मला दाखवायला आणला. आणि त्याच आठवड्यात अरबाब स्वतः दुकानात आले.

गॉगलची एक काच तडकली होती, एवढंच निमित्त. पांढरा स्वच्छ पायघोळ कंदोरा, हातात काठी, पण काठी टेकत नव्हते. मागे हवालदार. मी म्हटलं, नवी काच बसवायची तर एकदा डोळा बघू द्या. काय वाटलं कोण जाणे, ते खुर्चीत बसले. मी उजव्या डोळ्यात प्रकाश टाकला. मोतीबिंदू पिकत आला होता. मान वर केली तर त्यांच्या खुर्चीमागे उभे असलेले हवालदार मला डोळ्यांनी विनवत होते. नको, बाय. आज नको.

मी सांगितलं. एकदा न बघता चष्मा दिला होता, आता बघूनही गप्प बसले असते तर कुठल्या तोंडाने काम केलं असतं? ऑपरेशन सोपं आहे, आत लेन्स बसवतात, पहिल्यासारखं दिसेल, असं सगळं समजावलं. अरबाब शांतपणे ऐकत होते. मग हवालदारांकडे वळून त्यांनी अरबीत एवढंच म्हटलं, की आता माझा डोळा बरा होईपर्यंत तू कुठे जात नाहीस.

दुसऱ्या दिवशी हवालदार एकटे आले. स्टूल ओढलं नाही, उभेच राहिले. "तुमच्या एका वाक्यात माझी सुट्टी गेली, बाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

ऑपरेशन ईदच्या आधी झालं, डोळा छान बरा झाला. निकाहाला बारा दिवस उरले होते तेव्हा हवालदार विचारायला आले, की आता अरबाबना काय काय दिसेल. सगळं दिसेल, मी म्हटलं. "सगळं? बारीक रेघसुद्धा?" वाचायचा चष्मा लावला तर बारीक रेघसुद्धा. मला वाटलं, साइटची काळजी करतायत. म्हटलं, अहो, अरबाब आता परत उजव्या डोळ्याने नेम धरतील, साइट पूर्वीच्या जागी आणून ठेवा की झालं. कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, साइट कालच मूळ जागेवर आणली. पण चेहरा काही सैल झाला नाही.

त्यानंतर आठवड्याने, शुक्रवारी, अरबाबनी मला आणि माझ्या नवऱ्याला मळ्यावर बोलावलं होतं. "दक्तूरा"ला, म्हणजे डॉक्टरीणबाईला, नवा डोळा दाखवायचा होता. आमचा दहा वर्षांचा रोहन गाडीत सारखा विचारत होता, "आई, इज इट अ रिअल गन?" आम्ही पोचलो तेव्हा टेकाडासमोर खांबाला नवा कागद लावला होता. अरबाबचे दोन मुलगे मोबाइलवर बोलत सावलीत उभे होते. हवालदारांनी पिस्तूल आणलं, मॅगझिनमध्ये मोजून पाच गोळ्या भरल्या, दोन पावलं मागे सरले.

अरबाब उभे राहिले. मान सरळ. पाच आवाज झाले आणि पाचही गोळ्या कागदावर, तीन तर मधल्या काळ्या गोलात. मुलगे बोलता बोलता टाळ्या वाजवून जेवायला आत गेले. अरबाबच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी हवालदारांकडे पाहून हसले. वाटलं, सुटले. आजच्या या खुशीत माणूस पासपोर्ट काढून देईल.

आम्ही वाळूतल्या गालिच्यावर बसलो, कहवा आला. अरबाबनी रिकामं पिस्तूल मांडीवर घेतलं, मी दिलेला वाचायचा चष्मा लावला आणि किती वर्षांनी जुन्या मित्राचा चेहरा नीट पाहावा तसं ते पिस्तुलाकडे बघत राहिले. सरकारी बाणावरून बोट फिरवलं. मग मागच्या साइटपाशी बोट थांबलं.

"शू हादा, हवलदार?" त्यांनी विचारलं. हे काय आहे?

मीही वाकून पाहिलं. साइटच्या शेजारी लोखंडावर केसासारख्या बारीक रेघा होत्या. एकीशेजारी एक, सात. हवालदारांच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला. साइट परत आणता येत होती, पण लोखंडावर मारलेल्या खुणा पुसता येत नव्हत्या. मालकाला फसवतानासुद्धा या माणसाने दर वेळी, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून, नियमाने खूण मारली होती.

खरचटलं असेल, जुनं हत्यार आहे, एवढं म्हणणं पुरेसं होतं. माझ्या ओठांवर तेच आलं होतं. मी हवालदारांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते सावधानमध्ये उभे राहिले, टाचा जुळवून, आणि त्यांच्या मोडक्या अरबीत बोलले. अरबाब, दर वर्षाची एक. तुमचा डोळा सरकत गेला, तसतशी मी साइट सरकवत गेलो. खांबही पुढे आणला. तो पंचवीस पावलांवर होता, आज अठरावर आहे.

अरबाबनी चष्मा काढला. खांबाकडे पाहिलं. नव्या डोळ्याने त्यांना ते अंतर आता स्पष्ट दिसत होतं. मग ते पिस्तूल घेऊन उठले आणि आत गेले. आम्ही न जेवताच निघालो. परतताना गाडीत मी रडले. बारा दिवसांचे पाच उरले होते, आणि मला वाटत होतं की आता पासपोर्ट तर विसराच, या माणसाला तुरुंगात टाकतील.

दोन दिवसांनी हवालदार दुकानात आले. हातात छोटी बॅग आणि पासपोर्ट. सकाळी ड्रायव्हरने पासपोर्ट आणि तिकीट आणून दिलं होतं, फक्त जायचं, परतीचं नाही. अरबाब भेटले नाहीत. हवालदार सलाम करायला मजलिसच्या दाराशी तासभर उभे राहिले, दार उघडलं नाही.

"का सांगितलंत?" मी विचारलं. "एक शब्द खोटा बोलला असतात तर मानाने गेला असतात."

"त्यांनी विचारलं, बाय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं, म्हणून मी काही बोललो नव्हतो. विचारल्यावर कसं खोटं बोलणार?" मग म्हणाले, "आणि मी तरी त्यांना कुठं सरळ विचारलं कधी, की माझा पासपोर्ट द्या म्हणून? आम्ही दोघांनीपण नाही विचारलं." त्यांनी फरशीवरचे अर्धगोल पाहिले, स्टूल जागेवर आहे याची खात्री केली आणि निघाले. धाकटीच्या निकाहाला ते दोन दिवस आधी पोचले. तिचं "कबूल" त्यांनी समोर बसून ऐकलं.

त्यानंतर महिन्या दोन महिन्यांनी दापोलीहून त्यांचा फोन यायचा. मुली, आंबे, गुडघे. पण बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी एकाच जागी येऊन अडायचं. नळी कोण धुतं, बाय? मला काय माहीत, मी म्हणायचे. मग ते सांगायचे की शुक्रवारी दुपार झाली की घरात बसवत नाही, किटली समोर दिसते. बायको म्हणते, तुम्ही आलात कुठे, अजून तिकडेच आहात. मला त्या बाईचं बरोबर वाटायचं. पासपोर्ट उशाशी घेऊन झोपणारा तो माणूस अजून त्या मळ्यावरून सुटला नव्हता.

वर्षभराने अरबाब दुकानात आले. वाचायच्या चष्म्याची फ्रेम सैल झाली होती. मी ती आवळत होते तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं, तुला माहीत होतं? मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, खांब परत पंचवीस पावलांवर नेला. हात कापतो. पाचातल्या दोन लागतात.

"दोनच," ते म्हणाले, आणि दोन बोटं वर केली. "पण दोन्ही माझ्या."

चष्मा घेऊन दाराशी गेले, परत वळले. तो फोन करतो का? करतात, मी म्हटलं. काय विचारतो? मी सांगितलं, नळी कोण धुतं हे विचारतात, दुसरं काही नाही. अरबाब काठी टेकून उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरोखर काठी टेकून उभे असलेले मी पाहिले. त्याला सांग, म्हणाले, मी धुतो. दर शुक्रवारी, माझ्या हाताने. त्याच्याच किटलीत पाणी गरम करतो.

त्याच संध्याकाळी मी दापोलीला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, कार्ड संपलं. मग हवालदारांचा आवाज आला.

"नुसतं गरम नाही, म्हणावं," ते म्हणाले. "उकळतं लागतं, बाय. उकळतं. अरबाबना एवढं नक्की सांगा."